भावाचं एलडीएल ११२, माझं २३६: रिसेप्टरचा दोष म्हणजे नक्की काय बिघडलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले. घरात शाकाहारी जेवण, वजन बेताचं, तंबाखू-सिगारेट नाही. तरीही एकूण कोलेस्टेरॉल ३१२, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १६० आणि एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ज्यांना 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात) २३६. त्याच घरात तेच जेवणाऱ्या धाकट्या भावाचं एलडीएल ११२. वडिलांना ४३व्या वर्षी हार्ट ॲटॅक आला होता. चार महिने तूप आणि तळण बंद करून पुन्हा तपासलं, तर एलडीएल २१८. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या रिसेप्टरमध्येच दोष असावा, गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल." आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: रिसेप्टर मोजायची टेस्ट असते का, गोळीने तो दुरुस्त होतो का, आणि नऊ वर्षांच्या मुलीचं काय करायचं?

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. पेशीवरचे रिसेप्टर आणि त्यांना चिकटणारी प्रथिनं हे माझं प्रयोगशाळेतलं काम, आणि हल्ली जनुकीय तपासणीचे रिपोर्ट वाचून मत देण्याचं कामही येतं. त्यामुळे कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, यात मी पडणार नाही. पण दोष कुठे असतो आणि गोळी त्या दोषाचं काय करते, हे नीट सांगू शकेन. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

तुमचा खरा प्रश्न 'इतकं कमी खाऊनही वाढतं कसं' हा नाहीच. रक्तातला एलडीएलचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किती तयार होतं आणि किती लवकर उचललं जातं. आपण सगळे पहिल्या गोष्टीवर वाद घालत बसतो, कारण ती ताटात दिसते. तुमच्या घरात दोन्ही भावांचं ताट एकच आहे. तेव्हा फरक उचलण्यात आहे असं धरून पुढे जायला हरकत नाही.

एलडीएलचा कण निरोगी माणसाच्या रक्तात सरासरी अडीच दिवस फिरतो. मग तो बहुतेक वेळा यकृताकडून उचलला जातो. यकृताच्या पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं, ते कणाला पकडून आत घेतं. हा रिसेप्टर आपल्या घंटागाडीसारखा चालतो: दारात येतो, उचलतो, आत नेऊन रिकामा करतो आणि परत फेरीला निघतो. एका फेरीला दहाएक मिनिटं लागतात. एका रिसेप्टरचं आयुष्य साधारण वीस तासांचं, म्हणजे शंभराहून जास्त फेऱ्या. यातले निम्मे रिसेप्टर कमी झाले तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा. त्यात आणखी एक भर पडते. ज्या कणांपासून एलडीएल बनतं, त्यातले बरेचसे एरवी याच रिसेप्टरमार्फत मध्येच उचलले जातात. रिसेप्टर कमी असले की तेही रक्तात राहतात आणि पुढे त्यांचं एलडीएलच होतं. निचरा मंदावतो आणि तयार होणारा मालही वाढतो.

हे सगळं कसं कळलं ते जरा सविस्तर सांगतो. 'रिसेप्टरचा दोष' हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून सहज येतात, पण त्यामागचा पुरावा मला आजही शिकवण्यासारखा वाटतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॅलसमध्ये मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन तरुण डॉक्टर घराण्यात उतरणाऱ्या जास्त कोलेस्टेरॉलच्या या आजाराच्या (फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया) मागे लागले. काही मुलांना जन्मापासून इतकं कोलेस्टेरॉल असतं की शाळेच्या वयातच हृदयविकार होतो. त्यांना आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेलं जनुक मिळालेलं असतं. यकृताचा तुकडा काढून प्रयोग करणं सोपं नव्हतं, म्हणून दोघांनी कातडीचा बारीक तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी बशीत वाढवल्या.

पेशी स्वतःही कोलेस्टेरॉल बनवते, आणि ते बनवण्याचा वेग एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम ठरवतं. निरोगी माणसाच्या पेशींना बाहेरून एलडीएल दिलं की हे एन्झाइम मंदावायचं. आयतं मिळतंय तर कशाला बनवा! आजारी मुलांच्या पेशींत मात्र एलडीएल दिलं तरी काही फरक नाही. एन्झाइम निरोगी पेशींच्या ४० ते ६० पट जोरात चालूच. यावरून कोणीही म्हणेल की एन्झाइमच बिघडलंय. त्या दोघांनाही सुरुवातीला तोच संशय होता. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. एलडीएलऐवजी नुसतं कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून पेशींवर घातलं. असं कोलेस्टेरॉल कोणाच्या मदतीशिवाय पेशीत शिरतं. आणि आजारी पेशींतलं एन्झाइम लगेच खाली आलं.

म्हणजे एन्झाइम निर्दोष होतं. त्याला बाहेर एलडीएल आहे ही खबरच पोचत नव्हती. बिघाड दारात होता. १९७४ मध्ये त्यांनी एलडीएलला किरणोत्सारी आयोडीन जोडून दाखवलं की निरोगी पेशींना ते घट्ट चिकटतं, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या पेशींना चिकटत नाही, आणि एकच प्रत बिघडलेल्या, म्हणजे बहुधा तुमच्यासारख्या माणसाच्या पेशींना साधारण निम्मं चिकटतं. १९८५चं नोबेल त्यांना मिळालं ते या कामासाठी.

पण 'चिकटत नाही' हा एकच प्रकार नाही. एका मुलाच्या पेशींना एलडीएल व्यवस्थित चिकटायचं, तरी आत जात नव्हतं. आम्ही प्रयोगशाळेत या दोन गोष्टी वेगळ्या करायला आजही तीच जुनी युक्ती वापरतो. पेशी बर्फावर ठेवल्या की त्यांचं आत ओढणं थांबतं, नुसतं चिकटणं मोजता येतं. मग ३७ अंशांवर नेऊन बघायचं किती आत गेलं. आता किरणोत्सारी आयोडीनऐवजी चमकणारा रंग लावतात, पण तर्क तोच. त्या मुलाच्या रिसेप्टरचं बाहेरचं टोक ठीक होतं, पेशीच्या आत लोंबणाऱ्या शेपटीत एकच अमिनो आम्ल बदललं होतं: ८०७व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन. तेवढ्याने रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरच्या त्या खोलगट जागांत जमा होत नव्हता, जिथून माल आत घेतला जातो. ८३९ अमिनो आम्लांच्या साखळीतलं एक.

आज या जनुकात दोन हजारांहून जास्त बदल माहीत आहेत. कुठे रिसेप्टर बनतच नाही. कुठे बनतो, पण नीट घडी न पडल्यामुळे पेशीच्या आतच अडकतो. कुठे दारापर्यंत येतो आणि एलडीएल पकडत नाही, कुठे पकडतो पण आत नेत नाही. आणि काहींत आत नेतो पण माल सोडत नाही, म्हणून परत येत नाही. आत गेल्यावर माल ज्या बारीक पिशवीत असतो तिच्यातलं आम्ल वाढतं, त्यामुळे एलडीएल सुटायला हवं. ते सुटलं नाही तर रिसेप्टरही मालासकट नष्ट होतो. म्हणून 'रिसेप्टरचा दोष' असलेल्या दोन माणसांचे आकडे आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद सारखेच असतील असं समजू नका. शेजारच्या कोणाचं अर्ध्या गोळीत भागतं म्हणून तुमचंही भागेल, असं नाही.

यकृतच मुख्य जागा आहे याचा पुरावा माणसातच मिळाला. १९८४ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांच्या पथकाने दोन्ही प्रती बिघडलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीवर हृदय आणि यकृत यांचं एकत्र प्रत्यारोपण केलं. हृदय खराब झालं होतं म्हणून हृदय, आणि नव्या यकृताबरोबर चांगले रिसेप्टर मिळावेत म्हणून यकृत. हजारावर असलेलं तिचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास आलं. आहार नाही, गोळी नाही; फक्त रिसेप्टर मिळाले.

इथपर्यंतचं एका ओळीत: तुमच्या शरीरात एलडीएल उचलण्याची क्षमता बहुधा निम्मी आहे, आणि ती का निम्मी आहे याची कारणं घराघरात वेगळी असू शकतात.

आता गोळी. स्टॅटिन बिघडलेला रिसेप्टर दुरुस्त करत नाही. त्या जनुकाला ती हातही लावत नाही. ती वर सांगितलेलं एन्झाइम अडवते. यकृताच्या पेशीला आतून कोलेस्टेरॉल कमी पडायला लागतं, आणि पेशी ते बाहेरून मिळवायला जास्त रिसेप्टर बनवते. कोणत्या प्रतीवरून? दोन्हींवरून. बिघडलेल्या प्रतीवरून निघालेले वाया जातात, चांगल्या प्रतीवरून निघालेले कामाला लागतात. तुमची एक प्रत चांगली असल्यामुळे गोळी तुमच्यावर चालते. दोन्ही प्रती पूर्ण निकामी असलेल्या मुलांवर स्टॅटिनचा फारच थोडा परिणाम होतो, तो याच कारणाने. जपानमध्ये अकिरा एंदो यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं, ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते एलडीएल का उतरवतं याचं पूर्ण उत्तर रिसेप्टर माहीत झाल्यावरच मिळालं.

यातून 'आयुष्यभर का' हेही सुटतं. गोळी बंद केली की एन्झाइम पुन्हा चालू, पेशीची टंचाई संपली, जादा रिसेप्टर बनणं थांबलं. काही आठवड्यांत आकडा होता तिथे. हे व्यसन नाही आणि 'सवय लागणं'ही नाही. जन्मापासून जी क्षमता कमी आहे ती रोज भरून काढायची, एवढाच हिशोब आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडणारे लोक मी वरचेवर बघतो. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं.

स्टॅटिनबद्दल एक गंमत आहे, गंमत म्हणजे डॉक्टरांची डोकेदुखी. डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होत नाही. प्रत्येक दुपटीला एलडीएल आणखी सुमारे ६ टक्केच उतरतं. कारण पेशीला टंचाई जाणवली की ती रिसेप्टरबरोबर पीसीएसके९ नावाचं आणखी एक प्रथिनही जास्त बनवते, आणि ते नेमकं रिसेप्टरच्याच मुळावर येतं. ते रिसेप्टरला बाहेरून चिकटतं, त्याच्याबरोबर आत जातं आणि त्याला फेरीला परत येऊ देत नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

हे प्रथिन सापडलं तेही घराण्यांच्या अभ्यासातून. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत एलडीएल खूप जास्त, पण रिसेप्टरचं जनुक साफ, असं दिसलं. दोष पीसीएसके९च्या जनुकात होता. ते गरजेपेक्षा जास्त जोरात काम करत होतं. मग डॅलसमध्येच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांचं हे जनुक बंद पडलंय त्यांचं काय? २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांपैकी २.६ टक्के जणांत याची एक प्रत निकामी होती. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी.

या दोन आकड्यांकडे नीट बघा, कारण तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. एलडीएल फक्त २८ टक्के कमी, पण धोका इतका कमी का? कारण ते जन्मापासून कमी होतं. रक्तवाहिनीला आजचा आकडा कळत नाही. तिच्यावर वर्षानुवर्षांचं साचलेलं ओझं असतं. तुमच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या बाजूने लागू आहे. ३६ व्या वर्षी तुमच्या रक्तवाहिन्यांनी सोसलेलं एलडीएल हे तुमच्या भावाने साठीपर्यंतही सोसलेलं नसेल. म्हणून 'अजून तरुण आहे, पन्नाशीनंतर बघू' हा विचार इतरांना एक वेळ परवडेल, तुम्हाला नाही.

पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून वापरात आली, एलडीएल सुमारे ६० टक्के उतरवतात. वर्षातून दोनदा घ्यायचं इन्क्लिसिरानही त्याच प्रथिनाचं उत्पादन यकृतात रोखतं. ही औषधं महाग आहेत आणि बहुतेकांना पहिल्याच पायरीवर लागत नाहीत. स्टॅटिन आणि गरज पडली तर सोबत इझेटिमिब, एवढ्यावर पुष्कळ लोकांचं भागतं. इझेटिमिब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषणं कमी करतं, त्यामुळे यकृताला पुन्हा टंचाई, पुन्हा जास्त रिसेप्टर. रस्ता वेगळा, मुक्काम तोच.

आणि आहार? २३६ वरून २१८, म्हणजे सुमारे ८ टक्के उतरलं. हे तुमचं अपयश नाही. नुसत्या आहाराने या आजारात साधारण एवढंच होतं. पण पथ्य सोडू नका. तूप, लोणी, खोबरं, वनस्पती तूप यांतली संपृक्त चरबी यकृतावरच्या रिसेप्टरचं काम आणखी मंद करते. ज्याच्याकडे निम्मेच आहेत त्याने ते निजवून ठेवू नयेत. फक्त पथ्य हा गोळीचा पर्याय आहे, असं समजू नका.

आता टेस्ट. रक्त देऊन रिसेप्टर मोजून मिळतील अशी रोजची टेस्ट नाही. पेशी वाढवून मोजणं हे संशोधनाचं काम आहे, त्यावर तुमचा उपचार अडत नाही. आधी दोन-तीन साध्या गोष्टी झाल्यात का ते बघा. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) झाली का? थायरॉइड हार्मोन कमी असलं तर रिसेप्टर कमी बनतात आणि अगदी असाच रिपोर्ट येतो. तिथे थायरॉइडची गोळी हाच उपचार. लघवीतून प्रथिन जातंय का आणि यकृताच्या टेस्ट ठीक आहेत का, हेही. तुमचं २३६ हे मोजलेलं नसून गणिताने काढलेलं दिसतं: एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ३१२ वजा ४४ वजा ३२. हिशोब बरोबर आहे, आणि तुमचं ट्रायग्लिसराइड ४०० च्या बरंच खाली असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवता येतो.

हा आजार असण्याची शक्यता किती, हे ठरवायला डॉक्टर डच लिपिड क्लिनिक नावाची गुणपद्धत वापरतात. उपचाराआधीचं एलडीएल १९० ते २४९ मध्ये, त्याचे ३ गुण. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार, त्याचा १. तुमचे झाले ४, म्हणजे 'शक्य' या गटात. ६ ते ८ ला 'बहुधा', ८ च्या वर 'निश्चित'. म्हणून तपासताना डॉक्टरांना घोट्यामागची जाड कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणि हाताच्या बोटांच्या सांध्यांवरच्या कंडरा चाचपायला सांगा. तिथे कोलेस्टेरॉलच्या गाठी सापडल्या तर एकदम ६ गुण वाढतात. ४५ च्या आत बुबुळाभोवती पांढरट कडं दिसलं तर ४. पण गाठी आणि कडं दोन्ही असले तर मोठाच आकडा धरायचा. हा शोध बिनखर्चाचा आहे आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका राहून जातो.

जनुकीय तपासणी करावी का, हे परिस्थितीवर आहे. रिसेप्टर, एपीओबी (एलडीएलच्या कणावरचं प्रथिन, ज्याला रिसेप्टर पकडतो) आणि पीसीएसके९ यांची मुख्य तीन जनुकं तपासतात. बदल सापडला तर घरातल्या बाकीच्यांची तपासणी सोपी होते, तोच मोठा फायदा. न सापडला तर आजार नाही असा अर्थ काढू नका. लक्षणांवरून निश्चित वाटणाऱ्या लोकांतही बऱ्याच जणांत काही सापडत नाही. आणि तिसरा प्रकार, जो माझ्या टेबलावर सारखा येतो: बदल सापडलाय, पण त्याचा परिणाम होतो की नाही हे माहीत नाही. अशा बदलांचे जगातले संदर्भ-संग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत असे 'अनिश्चित' बदल जास्त निघतात. अशा रिपोर्टवरून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. घरात ज्यांचं एलडीएल जास्त त्यांच्यात तो बदल आहे आणि ज्यांचं कमी त्यांच्यात नाही, असं जुळतंय का ते बघायचं. तुमचा भाऊ इथे फार उपयोगी साक्षीदार आहे. तसंही ११२ वर तो यातून सुटलेला दिसतो, त्याच्या मुलांना या कारणासाठी पळापळ करायची गरज नाही.

तुमच्यात हा दोष असेल, तर तुमच्या मुलीला ते बिघडलेलं जनुक मिळालं असण्याची शक्यता निम्मी. तिचं लिपिड प्रोफाइल आत्ताच करून घ्या. नऊ हे त्यासाठी लवकरचं वय अजिबात नाही. मुलांत स्टॅटिनचा विचार सर्वसाधारणपणे ८ ते १० वर्षांपासून करतात, तो निर्णय बालरोगतज्ज्ञ किंवा लिपिडचं काम बघणाऱ्या डॉक्टरांचा. मुलगी मोठी झाल्यावर गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा औषधाबद्दल आधी बोलावं लागतं, हेही त्यांच्याकडून आत्ताच समजून घ्या. वडिलांचे भाऊ-बहीण आणि त्यांची मुलं यांनाही एकदा रक्त तपासायला सांगा. वडिलांचा गोळी सुरू होण्यापूर्वीचा एखादा जुना रिपोर्ट कपाटात सापडला तर सोबत न्या, त्यातला आकडा आताच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगेल. आणि मुलीला नुकताच ताप किंवा मोठं आजारपण येऊन गेलं असेल तर तपासणी काही आठवडे पुढे ढकला. आजारपणात एलडीएल तात्पुरतं खाली येतं, आणि खोटा चांगला आकडा हातात पडतो.